बेचाळीस तास

३ फेब्रुवारी
डोंगराखालची खोली

किल्ली,

पोहोचलो. पोहोचल्यावर कळवा म्हणाली होतीस, म्हणून कळवतो आहे. फोन करणार नव्हतोच. फोनवर कोणी कसे आहात विचारलं की मी बरा आहे म्हणतो, आणि मग दोन्हीकडचे गप्प. कागदावर मध्येच गप्प बसलं तरी चालतं.

गाडी नीट आली. मी नीट चालवली असं नाही, गाडीनेच सांभाळून घेतलं. तुझ्या ताईने अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि घरचा माणूस कच्चाच राहिला. शिकवणीची गाडी, त्यामुळे शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक आहे. पहिल्या घाटात वळणावर ट्रक समोर आला तेव्हा मी वाट बघत राहिलो की आता तो ब्रेक लागेल. लागला नाही. मग मी माझा दाबला. छपरावरची 'शिकाऊ' पाटी काढायची राहून गेली आहे. ती बघून मागचे लोक लांबून चालवतात, ते एक बरं.

सगळं तिच्या वहीप्रमाणे चाललं आहे. कोणत्या रस्त्याने जायचं, कुठे उतरायचं, कोणती खोली मागायची, सगळं तिने लिहून ठेवलं आहे. चार मुक्काम, प्रत्येक ठिकाणी आठ-दहा दिवस. एवढे दिवस एका जागी काय करायचं, असं मी तेव्हा विचारलं होतं. गाडीतून उतरून बघायचं असतं, असं तिचं उत्तर होतं. मी उतरून बघितलं. डोंगर आहे. वर बर्फ आहे. लोक फोटो काढतात. मी दहा मिनिटं बघून खोलीत आलो.

वहीच्या पहिल्या पानावर सामानाची यादी आहे. पाण्याची बाटली, जादा चष्मा, माझं घड्याळ. म्हणून तिचं घड्याळ घेऊन आलो. वाटेत खिशात होतं. इथे आल्यावर टेबलावर काढून ठेवलं, ते आज सकाळी बंद. तू तर आत्ताच दुरुस्त करून दिलं होतंस. माझ्या हातून काही बिघडलं का, ते कळव. पत्र तळ्याकाठच्या पत्त्यावर टाक. दहा तारखेला मी तिथे असेन.

बाकी ठीक.

भाऊजी

*

७ फेब्रुवारी
दुकान

भाऊजी, नमस्कार. बसून, निवांत केलेला आहे असं समजा.

उभा जन्म पंपावर काढलात, पाण्याचा आवाज ऐकून कोणता नट सैल आहे ते सांगता, आणि बायकोचं घड्याळ कशावर चालतं ते तीस वर्षांत कळलं नाही. धन्य आहे तुमची. अहो, ते ऑटोमॅटिक आहे. त्याला सेल नाही, किल्लीही द्यावी लागत नाही. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग आपोआप भरते. हातातून काढून ठेवलं की साठवणीवर चालतं आणि मग थांबतं. हे घड्याळ बेचाळीस तास चालतं. दर वेळी साफ केलं की मी मोजून बघते, कधी पाच मिनिटं इकडे, पाच मिनिटं तिकडे. बाबांच्या वेळेपासून बेचाळीस. बिघडलेलं नाही, तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत.

तेव्हा ते हातात घाला. पुरुषाचंच घड्याळ आहे, ताईने उगाच बळकावलं होतं. लायसन्स मिळालं त्या दिवशी बाबांनी तिला घड्याळ दिलं आणि मला दुकान. मी आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. ती म्हणायची, घाटात स्टिअरिंग फिरवताना त्याचं पोट भरतं. रात्री झोपतानाही काढायची नाही, तुम्हाला माहीतच आहे. आता चाललात तसे घाटातून चला, ते आपोआप चालेल.

आणि वाटेत कुठे अडलंच तरी कोणा ऐऱ्यागैऱ्याला झाकण उघडू देऊ नका. आणायचं ते सरळ माझ्याकडे.

दुकानाचं काय सांगू. काल एक बाई आल्या, भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून. म्हणे रोज पुढे जातं. मी बघितलं तर काही नाही. मग कळलं, घरातला प्रत्येक जण गुपचूप ते पाच मिनिटं पुढे करून ठेवायचा, दुसऱ्याने लवकर आवरावं म्हणून. बाई गेल्यावर मी एकटीच हसत बसले. ताईला सांगायला हवं होतं असं वाटलं, आणि मग हसू थांबलं.

जेवता का वेळेवर? खोटं लिहू नका, मला अक्षरावरून कळतं.

किल्ली

*

१२ फेब्रुवारी
तळ्याकाठी

किल्ली,

तुझं पत्र माझ्या आधी पोहोचलं होतं.

घड्याळ हातात घातलं आहे. तिचाच पट्टा, शेवटच्या भोकात बसतो. येताना एकशेचौदा वळणं होती, तिने वहीत आकडा लिहून ठेवला आहे. घड्याळ चालू आहे. तळं मोठं आहे. पलीकडचा काठ दिसत नाही. लोक म्हणतात रंग दिवसातून चार वेळा बदलतो. मी बाकावर बसून मोजले. चार वेळा बदलला.

जेवतो. काय जेवतो ते लक्षात राहत नाही.

तू बेचाळीस तास लिहिलंस, ते डोक्यातून जात नाही. आता तुला विचारतो आहे, पण आधी सगळं सांगतो. यातलं काही तुला माहीत नाही.

त्या सोमवारी रात्री आमचं वाजलं होतं. ती वही घेऊन बसली होती. म्हणाली, एक फेब्रुवारीला निघायचं, मी शिकवणीला सुट्टी लावली. मी म्हटलं, पंपावर नवीन मोटर बसते आहे, पुढच्या वर्षी बघू. ती म्हणाली, तुमचं पुढचं वर्ष मला चांगलं ठाऊक आहे. तिने वही मिटली, मी दिवा मालवला.

रोज सकाळी सातला मी तिच्या उशाशी चहा ठेवायचो आणि सात वाजले म्हणायचो. ती डोळे न उघडता मनगट वर करून मग एक डोळा उघडायची. म्हणायची, दोन मिनिटं कमी आहेत. रोज. मंगळवारी मी चहा ठेवला नाही. हाकही मारली नाही. मी रुसलो होतो. ती कुशीवर होती, हात पांघरुणाबाहेर. तो बघून मी दार ओढून घेतलं आणि ड्यूटीवर गेलो.

संध्याकाळी सहाला आलो, तेव्हा ती तशीच होती. नाडी बघायला पट्टा मध्ये येत होता, म्हणून घड्याळ सोडवलं आणि खणात टाकलं. त्यानंतर कोणी त्याला हात लावला नाही. शुक्रवारी रुमालात गुंडाळून तुला दिलं तेव्हा ते बंद होतं. तबकडी मी बघितली नाही. डॉक्टर म्हणाले होते, झोपेत हृदय थांबलं, रात्री की सकाळी ते नक्की सांगता येत नाही.

ते घड्याळाला सांगता येतं ना? हात हलायचा थांबला तिथून बेचाळीस तास. मी सोडवताना दोन-चार हेलकावे बसले असतील, ते सोडून दे.

मी निघालो तेव्हा ती होती की नव्हती, एवढंच मला हवं आहे. नव्हती, तर माझ्या हाकेने काही झालं नसतं. होती, तर मी हाक मारली असती तर ती उठली असती, छातीत दुखतंय म्हणाली असती, दवाखाना दहा मिनिटांवर आहे. तीन महिने मला काही वाटत नाही, रडू येत नाही, भूक नाही, राग नाही. हे एक कळलं की काहीतरी वाटेल, इकडचं किंवा तिकडचं.

तुझ्या हातात आलं तेव्हा ते किती वाजता थांबलेलं होतं?

भाऊजी

*

१९ फेब्रुवारी
दुकान

भाऊजी,

पत्राला उशीर झाला. शाळेची अकरा घड्याळं एकदम आली, सगळी भिंतीवरची, सगळ्यांत धूळ. हात रिकामाच होईना.

तुम्ही विचारलंत ते मला आठवतं आहे का, याचा दोन दिवस विचार केला. आमची खोड अशी की बंद घड्याळ हातात आलं की आधी हलवून बघायचं. ते हलवलं असतं तर सगळंच गेलं असतं. पण त्या दिवशी माझे हात चालतच नव्हते. रुमाल उघडला आणि नुसती बघत बसले. त्यामुळे काटे डोळ्यांसमोर आहेत. आठ वाजून पन्नास मिनिटं. तारखेच्या खिडकीत वीस.

आता मोजा. वीस म्हणजे बुधवार. बुधवारी रात्रीचे आठ पन्नास. त्यातून बेचाळीस तास मागे जा. मंगळवारी पहाटेचे दोन पन्नास. सेकंदाचा काटा पस्तिसावर होता, तेही आठवतं.

पहाटे पावणेतीनला तुम्ही घोरत होतात भाऊजी, आणि घोरणाऱ्या माणसाला काय कळणार आहे. तुम्ही सातला निघालात तेव्हा ताईला जाऊन चार तास झाले होते. चहा ठेवला असतात तरी तो गार झाला असता. रुसलात म्हणून काही झालेलं नाही. रुसणं तर तुमच्या दोघांचं रोजचंच होतं, तुम्ही रुसायचात आणि ती मला येऊन सांगायची, आमचा कुकर आता दोन दिवस तापलेला राहणार.

आता हे डोक्यातून काढा. मी तुम्हाला कधी खोटं सांगितलंय का? लहानपणी एकदा, तुमच्या स्कूटरची काच मी फोडली होती, मांजराने नव्हे. ते आज कबूल करते, म्हणजे खातं साफ.

तळ्यानंतर धबधब्यांचा रस्ता आहे ना? ताईला तो सगळ्यांत जास्त बघायचा होता. बघा नीट. आणि घड्याळ पाण्यापासून जपा. परत सांगते, झाकण कोणाला उघडू द्यायचं नाही, कितीही शहाणा असला तरी.

किल्ली

*

२४ फेब्रुवारी
धबधब्यांजवळचं गाव

किल्ली,

तुझ्या पत्रासाठी तळ्यावर दोन दिवस जास्त थांबलो. बावीसला मिळालं. उभ्यानेच वाचलं आणि मग बाकावर जाऊन परत वाचलं. दोन पन्नास.

बरं झालं विचारलं.

मला वाटलं होतं काहीतरी एकदम होईल. तसं काही झालं नाही. पण त्या रात्री सात तास झोपलो. काल जेवताना आमटीत मीठ कमी आहे हे कळलं. वाढणाऱ्याला सांगितलं, त्याने आणून दिलं. एवढी प्रगती आहे.

इथला रस्ता वहीत तिने दोनदा अधोरेखित केला आहे. पाणी डोंगरावरून सरळ रस्त्याच्या कडेला पडतं, गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत दमट होतं. वहीत लिहिलंय, इथे गाडी थांबवायची, खाली उतरायचं आणि भिजायचं, त्यांनी नाही म्हटलं तरी. मी नाही म्हणायला कोणी विचारणारं नव्हतं, म्हणून उतरलो. पंधरा मिनिटं उभा राहिलो. गार होतं. गार आहे हे कळत होतं.

घड्याळ काढायचं विसरलो. काचेच्या आतून धुकं धरलं आहे आणि सहाच्या पुढचे आकडे दिसत नाहीत. तुझं ते 'उघडू देऊ नका' लक्षात आहे. पण बाजारात एक म्हातारे घड्याळवाले आहेत, चाळीस वर्षं तेच काम. मी लांबून बघितलं, हात तुझ्या बाबांसारखा चालतो. तुला दुसऱ्या कारागिराचा मत्सर वाटणार हे ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. पाणी आत राहिलं तर गंजेल ना? पंपावर आम्ही ओली मोटर एक दिवससुद्धा तशी ठेवत नाही. तुझ्याकडे आणेपर्यंत थांबायला हे काही शाळेचं भिंतीवरचं घड्याळ नव्हे.

सत्तावीसला दाखवतो. अठ्ठावीसला समुद्राकडे निघेन.

भाऊजी

*

२६ फेब्रुवारी
दुकान

भाऊजी,

उघडू देऊ नका. तांदळाच्या डब्यात ठेवा, कोरडं होतं. मत्सर म्हणा, हट्ट म्हणा, काही म्हणा. गंजलं तर मी बघीन. मी स्वतः तिथे येते, पण उघडू देऊ नका.

किल्ली

*

२८ फेब्रुवारी
बाजारपेठ

दुकानमालकीण बाईंस नमस्कार.

आपली ओळख नाही. घड्याळ ज्या कापडी पिशवीत होतं तिच्यावर आपल्या दुकानाचा शिक्का आहे, त्यावरून पत्ता घेतला. आपलं घड्याळ मी उघडलं हे आपल्याला कळवणं माझं काम आहे, म्हणून लिहितो.

काल आपले भाऊजी आत पाणी गेलेलं घड्याळ घेऊन आले. मी झाकण काढलं, आतलं पाणी सुकवलं, झाकणाखालची रबरी कडी चिरली होती ती बदलली. यंत्र उत्तम आहे. आपण तेल जिथे हवं तिथेच आणि हवं तेवढंच घालता, हे आता फार कमी ठिकाणी दिसतं.

झाकणाच्या आत सुईने केलेल्या आपल्या खुणा आहेत. वरच्या दुसऱ्या हाताच्या, खालच्या आपल्या. दुरुस्तीला आलेलं घड्याळ ज्या वेळेला बंद पडलं असेल ती वेळही आत खोदून ठेवायची, ही जुन्या लोकांची रीत आपण पाळता. माझे उस्ताद तसंच करायचे. मला आनंद झाला आणि मी भिंगातून एकेक खूण आपल्या भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनाही आवडेल असं वाटलं. शेवटची होती, 'तारीख २१, ४.२०, कि.'

त्यांनी परत वाचायला सांगितलं. मी परत वाचली. मग त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मला विचारलं, हे पहाटेचे की दुपारचे ते कळतं का? मी म्हटलं, तबकडीवरून कळत नाही. ते स्वतःशीच म्हणाले, दुपारचे धरले तर रात्री दहा येतात, आणि सहाला तर मी घरी आलो होतो. मग म्हणाले, म्हणजे सकाळी दहा वीस. कशाचे दहा वीस, ते मी विचारलं नाही.

ते स्टुलावर बसून राहिले. मी दोन गिऱ्हाइकं केली. चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. तासाभराने म्हणाले, तुम्हीही आत खूण करणार का? मी म्हटलं, करावीच लागते. म्हणाले, करू नका. लिहिणारी माझी मेहुणी आहे, कोणी उघडलं होतं हे तिला कळायला नको. तिने फार कष्टाने मला एक गोष्ट सांगितली आहे, ती तशीच राहू दे.

बाई, गिऱ्हाइकाच्या शब्दाखातर मी खूण केलेली नाही. चाळीस वर्षांत ही पहिली वेळ. पण दुसऱ्याचं काम उघडायचं आणि त्याला कळवायचंही नाही, हे मला जमत नाही. पुढे आपण उघडाल तेव्हा कडी नवी दिसेल आणि खूण नसेल, आपण म्हणाल कोणी चोराने हात लावला. म्हणून हे पत्र. त्यांना मात्र हे सांगू नये, ही विनंती.

निघताना त्यांनी घड्याळ कानाला लावलं. म्हणाले, चालतंय. मी म्हटलं, चालणारच.

आपला,
बाजारपेठेतला घड्याळवाला

*

५ मार्च
समुद्राकाठी

किल्ली,

शेवटच्या मुक्कामाला पोहोचलो. तुझं घाईचं पत्र मागच्या खोलीच्या मालकाने इकडे पाठवलं. तोवर उशीर झाला होता, झाकण उघडून झालं होतं. रागावू नकोस. म्हाताऱ्यांनी कडी बदलली आणि तुझ्या तेल घालण्याचं कौतुक केलं. आत काही रेघोट्या होत्या. मी विचारलं काय आहे, तर ते म्हणाले, झिजल्यात, वाचता येत नाहीत.

तेव्हा तू सांगितलेली वेळ मी धरली आहे. वहीच्या शेवटच्या पानावर लिहूनही ठेवली. दोन पन्नास.

इथला रस्ता कड्यावरून जातो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खाली पाणी. दोन मार्चला मधल्या एका वळणावर मला पुढचं दिसेनासं झालं. धुकं नव्हतं. गाडी कडेला घेतली. किती वेळ रडत होतो ते घड्याळात बघितलं नाही. मागे एक ट्रक येऊन थांबला, ड्रायव्हर उतरून आला. त्याने पाटी वाचली आणि म्हणाला, काका, पहिल्यांदा सगळेच घाबरतात, दम खा आणि पहिल्या गिअरमध्ये घ्या. मी दम खाल्ला आणि पहिल्या गिअरमध्ये घेतली.

कशाने रडलो ते विचारू नकोस. इतक्या दिवसांचं साठलं असेल.

काल सकाळी खोलीतल्या किटलीत दोन कप चहा केला. एक पलंगाच्या तिच्या बाजूला ठेवला. म्हटलं, सात वाजले. मोठ्याने म्हटलं, बाजूच्या खोलीत ऐकू गेलं असेल. मग मनगटावर बघितलं. दोन मिनिटं कमी होती.

आज भिंतीवर बसून समुद्र बघितला. जेवायची वेळ होईपर्यंत बसलो. वहीत लिहिलंय, इथे काही करायचं नाही. ते मी केलं.

दहाला निघेन, बाराला घरी. वही तुझ्यासाठी आणतो, तुझ्याकडे राहू दे. घड्याळ मी ठेवतो.

तू बरी आहेस ना? माझ्या पत्रांत मी हे एकदाही विचारलं नाही, आत्ता लक्षात आलं. तुझीही ती ताई होती.

भाऊजी

*

११ मार्च
तुमच्या घराच्या दाराखालून

भाऊजी,

तुम्ही हे पत्र उद्या वाचाल. पोस्टाने पाठवण्यात अर्थ नव्हता, म्हणून संध्याकाळी दुकान बंद करून आले आणि सरकवलं. किल्ली असूनही आत गेले नाही. तिच्या चपला दारातच आहेत, त्या तुम्ही आलात की मिळून बघू.

तुमचं पत्र सावकाश वाचलं. झिजतात हो रेघा. सुईनेच केलेल्या असतात, किती दिवस टिकणार. म्हाताऱ्यांचा मला काही राग नाही. पुन्हा कधी भेटले तर त्यांना सांगा, काम चोख आहे. कडी बदलायचं सुचलं, म्हणजे हात जाणता आहे.

घड्याळ आता माझ्याकडे आणू नका. चालतंय ना, मग कशाला उघडायचं. तुमच्या हातात आहे तोवर बंद पडणार नाही.

मी बरी आहे का, ते तुम्ही विचारलंत. नाही. नोव्हेंबरपासून दुकानात बसते आणि दुसऱ्यांची घड्याळं लावते, आणि मला स्वतःला किती वाजले ते कळत नाही. एक गोष्ट मी एकटीच धरून बसले होते, ती रोज जड व्हायची. गेल्या आठवड्यापासून थोडी हलकी झाली आहे. का, ते मीही सांगत नाही.

मला ताई हवी आहे भाऊजी. तुम्हाला सांगितलं म्हणून काही ती येणार नाही, पण सांगायला दुसरं कोणी नाही.

आता कामाचं. परवापासून रोज सकाळी सातला मी तुमच्याकडे येणार. दुकान आठला उघडतं, मला वाटेतच पडतं. चहा मी करीन, तुम्ही केलेला पाणचट असतो असं ताई म्हणायची. मी दार वाजवीन. आतून तुमचा आवाज येईपर्यंत वाजवीन. आदल्या दिवशी तुम्ही माझ्यावर रुसला असलात तरी वाजवीन. मी तुमच्यावर रुसले असले, तरीसुद्धा.

किल्ली